सामानाचं कपाट आणि गाण्याची पेटी: हॉलमधलं एकत्र युनिट कसं करून घ्यावं

ज्यांच्या घरी रेडिओग्राम होता त्यांना हे फर्निचर नवं नाही. चकचकीत पॉलिश केलेली लाकडी पेटी, उचलायचं झाकण, झाकणाखाली रेकॉर्ड प्लेअर, मध्ये रेडिओ, पुढे जाळीदार कापडामागे स्पीकर आणि बाजूच्या कप्प्यात तबकड्या. हॉलमधली सगळ्यात देखणी वस्तू तीच. आज त्यातल्या बहुतेक पेट्यांचं लाकूड ठणठणीत आहे, यंत्र मात्र मुकं झालंय. यंत्र पेटीतच जखडून बसवलेलं असल्यामुळे त्याच्या जागी दुसरं बसवणं कठीण जातं, आणि इतकी सुंदर वस्तू शेवटी फोनची डायरी आणि फुलदाणी ठेवायच्या कामी येते.

ठाणे, नवी मुंबईतल्या वन बीएचके, टू बीएचके घरांत अशा युनिटची गरज पुन्हा वाटू लागली आहे. हॉल एकच. त्यात टीव्ही हवा, गणपतीच्या सजावटीचं सामान हवं, पाहुण्यांच्या चादरी हव्यात, आणि घरात गाण्याची आवड असेल तर ॲम्प्लिफायर, स्पीकर, वडिलांच्या एलपी (मोठ्या तबकड्या) नि कॅसेटही हव्यात. कारपेंटरला नुसतं ‘टीव्ही युनिट करा’ म्हटलं तर तो छान दिसणारं युनिट करून देतो, आणि त्यातून गाणं बंद डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार जास्तीचा खर्चही लागत नाही.

माझं सांगणं असं आहे. बाहेरून युनिट एक दिसू द्या, पण आतून वाजणारा भाग आणि सामानाचा भाग वेगळ्या सांगाड्यांचे ठेवा. आणि यंत्राचा प्रत्येक कप्पा असा बांधा की उद्या त्यात दुसरं यंत्र बसेल. एलपी १९४८ साली आली, कॅसेट १९६३ साली, सीडी १९८२ साली, ब्लूटूथचं पहिलं प्रमाण १९९९ साली. चांगलं केलेलं फर्निचर पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतं. तेवढ्या काळात गाणं ऐकायची पद्धत एकदा तरी बदलणारच.

आधी घरातलं सगळं जमिनीवर मांडा

कारपेंटरला बोलावण्याआधी युनिटमध्ये जे जे ठेवायचं ते एका रविवारी हॉलमध्ये काढा आणि टेपने मापं घ्या. इंटरनेटवरच्या फोटोवरून माप ठरवू नका.

एलपीचं कव्हर साधारण साडेबारा इंच चौरस असतं. बोट घालून रेकॉर्ड बाहेर काढता यायला हवी, म्हणून कप्प्याची आतली उंची साडेतेरा इंच आणि खोली किमान तेरा इंच ठेवा. कॅसेटची डबी १०९ × ७० × १७ मिमी, सीडीची १४२ × १२५ × १० मिमी. कॅसेट खणात उभ्या लावल्या, कणा वर ठेवला, की नावं वरून वाचता येतात. त्यासाठी चार इंच आतली उंची पुरते. सीडी उभ्या ठेवायच्या तर साडेपाच-सहा इंच लागतात. ॲम्प्लिफायर किंवा रिसीव्हर बहुधा १७ इंच रुंद असतो, खोली चौदा ते सोळा इंच. त्यामागे वायरी वळायला आणखी तीन-चार इंच सोडावे लागतात. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बाजारातली बरीच तयार युनिटं पंधरा-सोळा इंच खोल असतात. त्यात ॲम्प जातो, पण पिना मागच्या पाठीवर दाबल्या जातात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून तयार युनिट घेणार असाल तर टेप घेऊन जा आणि आतली खोली मोजा, बाहेरची नव्हे.

वजनाचाही हिशेब करा. एक फूट जागेत एलपी भरल्या तर पंधरा ते वीस किलो वजन होतं. तीन फूट लांबीच्या एकसलग फळीवर एवढ्या एलपी ठेवल्या तर १८ मिमीची फळीसुद्धा वर्षा-दोन वर्षांत मध्ये झुकते. सोळा इंचांवर उभी पटई, म्हणजे मधली उभी फळी, द्या. फळी झुकत नाही, आणि रेकॉर्डही तिरक्या न होता सरळ उभ्या राहतात. एकमेकींवर रेललेल्या तबकड्या वाकतात.

आता घरगुती सामान. इथे गाण्याच्या दृष्टीने एक वाटणी करावी लागते. मऊ आणि जड सामान स्पीकरच्या शेजारी चालतं, किंबहुना तिथेच हवं: चादरी, गोधड्या, जुने अल्बम, पुस्तकं. काचेचे ग्लास, स्टीलचे डबे, दिव्यांच्या माळा, पूजेची तांब्या-पितळेची भांडी स्पीकरपासून लांबच्या कप्प्यात ठेवा. डग्ग्यावर थाप पडली की शेजारच्या कप्प्यातला ग्लास किणकिणतो, आणि दोष मात्र स्पीकरला दिला जातो. कॅसेट स्पीकरच्या लोहचुंबकापासून फूटभर तरी दूर असाव्यात.

भिंत कोणती

हॉल साधारण दहा बाय पंधराचा धरू. सोफा एका लांब भिंतीला, युनिट समोरच्या लांब भिंतीला, हीच मांडणी बहुतेक घरांत असते. ती गाण्यालाही सोयीची आहे. दहा फुटांतून युनिटची वीस इंच खोली आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यामागची फूटभर जागा वजा केली की ऐकणारा युनिटपासून सव्वासात-साडेसात फुटांवर येतो. दोन स्पीकरमधलं अंतर आणि ऐकणाऱ्याचं स्पीकरपासूनचं अंतर जवळपास सारखं असलं, म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण झाला, की गायक बरोबर मध्ये उभा असल्यासारखा वाटतो. म्हणून साडेसात फूट रुंदीचं युनिट, त्याच्या दोन टोकांना स्पीकर, हा आराखडा मी पुढे धरला आहे.

भिंत ठरवताना तीन गोष्टी बघा. तिच्यापलीकडे शेजाऱ्याची झोपायची खोली आहे का? ती पश्चिमेची बाहेरची भिंत आहे का? खाडीवरून येणारा पावसाचा मारा ज्या भिंती झेलतात त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये ओल येते. अशा भिंतीला एलपीचा कप्पा टेकवलात तर कव्हरांवर बुरशी येणार. दुसरी भिंत नसेल तर मागे दोन इंच जागा मोकळी सोडा. तिसरी गोष्ट उन्हाची. बाल्कनीतून येणारं दुपारचं ऊन थेट पडेल अशा जागी रेकॉर्ड नकोत, विनाइल तापून वाकतं.

घोडबंदर रोडवरच्या, कोलशेतच्या किंवा खारघरच्या अनेक नव्या टॉवरमध्ये भिंती मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे सलग काँक्रीटच्या असतात. त्यात खाचा मारून वायर नेता येत नाही, बिल्डर आणि सोसायटीही परवानगी देत नाहीत. मग सगळ्या वायरी फर्निचरच्या मागून न्यायच्या, आणि मागे सोडलेली ती दोन इंच जागा इथेही कामी येते. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या किंवा नौपाड्यातल्या जुन्या विटांच्या भिंतीत पाइप टाकता येतो. पण तो फर्निचर बसण्याआधी टाकायचा, नंतर नव्हे.

तीन स्वतंत्र पेट्या

एकच साडेसात फुटी सांगाडा करू नका. तीन करा: दोन टोकांना १४ इंच रुंदीचे दोन खांब, मध्ये ६२ इंचांची बैठी पेटी. खोली तिन्हींची वीस इंच. स्पीकर खांबात, बाकी सगळं मधल्या पेटीत. खांब आणि पेटी यांच्यामध्ये पाच मिमीची फट ठेवून त्यात रबराची किंवा फेल्टची पट्टी लावायची. स्क्रूने एकमेकांना जोडायचं नाही. पुढून लॅमिनेट एकाच रंगाचं असेल तर ही फट कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण स्पीकरची थरथर मधल्या पेटीपर्यंत, म्हणजे खणांपर्यंत आणि रेकॉर्ड प्लेअरपर्यंत, फारच कमी पोचते. शिवाय तीन तुकडे लिफ्टमध्ये बसतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको.

खांबाची उंची ४४ इंच. जमिनीपासून २६ इंचांपर्यंत खाली दाराचा कप्पा, त्यात चादरी-गोधड्या. त्यावर स्पीकरचा उघडा कोनाडा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान साधारण ३६ ते ३८ इंचांवर असतात, आणि स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा छोटा भाग, त्याच उंचीवर हवा. बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे फळीवर ठेवायचा छोटा स्पीकर, बारा-चौदा इंच उंच असतो आणि ट्वीटर त्याच्या वरच्या भागात, म्हणून हे गणित जुळतं. तुमच्याकडे भारतीय बैठक असेल, गादीवर तक्क्याला टेकून ऐकायची सवय असेल, तर कान तीस इंचांच्या आसपास येतात. तेव्हा खालचा कप्पा सहा-सात इंचांनी कमी करा. कारपेंटर दोन्ही घरांना एकच उंची लावेल. ती बदलून घेणं तुमचं काम.

मधली पेटी २६ इंच उंच. त्यात खाली चार इंच पाय, आत साडेवीस इंच उंची. चार उभ्या पटया, प्रत्येकी पाऊण इंच, वजा केल्या की ५९ इंच उरतात. ते असे वाटा: ॲम्प्लिफायरसाठी २१, एलपीसाठी १६, खणांसाठी २२. सोळा इंचांत साधारण शंभर एलपी मावतात. त्यांच्या वर सहा इंचांची जागा उरते, तिथे सीडी. २२ इंचांच्या भागात तीन खण: वरच्यात कॅसेट आणि रिमोट, मधल्यात कागदपत्रं, खालच्यात जे काय घरात असेल ते. खणांना टेलिस्कोपिक चॅनल लावा, कॅसेटने भरलेला खण जड होतो.

टीव्ही मधल्या पेटीच्या वर भिंतीवर. बाजूला वर पुस्तकांचं उघडं रॅक केलं तर उत्तम. कमीजास्त उंचीची पुस्तकं आवाज वेगवेगळ्या दिशांना फोडतात आणि टाइल्सच्या हॉलमधला घुमारा कमी करतात. स्पीकरच्या डोक्यावर काचेच्या दारांचं लटकतं कपाट मात्र नको.

लाकूड

पेटीच्या तळाला आणि पायांजवळ आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) चं मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लाय, १८ मिमी. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस क्रमांक छापलेला असतो, तो दुकानातच बघा. फोटो काढून ठेवा, कारण कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते कळत नाही. साधं एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) आवाजाच्या दृष्टीने चांगलं असतं, स्पीकरचे डबे त्याचेच करतात, पण आपल्या हवेत ते पाणी पिऊन फुगतं. रोज फरशी पुसताना तळाला पाणी लागतंच. म्हणून तळाशी एमडीएफ नको, आणि पेटीला मॉड्युलर किचनचे असतात तसे चार इंची पीव्हीसी पाय द्या.

लॅमिनेट बाहेरून लावलंत तर आतूनही लायनर (पातळ लॅमिनेट) लावून घ्या. एकाच बाजूने लावलेली फळी पावसाळ्यात वाकते. या युनिटला ८ × ४ फुटांच्या तीन ते चार शीट लागतील.

स्पीकरचा कोनाडा

इथे वेळ घाला, युनिटची खरी परीक्षा इथेच आहे.

पहिला मोह असतो स्पीकर फर्निचरमध्येच ‘बनवून’ घ्यायचा: फळीला गोल भोक पाडायचं, वूफर (खालचे सूर काढणारा मोठा गोल भाग) आणि ट्वीटर बसवायचे, मागचा कप्पा म्हणजे स्पीकरचा डबा. तसं करू नका. वूफरमागची हवा हा स्पीकरचाच भाग असतो, ती किती लिटर असावी हे त्या वूफरवर ठरतं. उदाहरणार्थ, आतून ८ × १० × १२ इंचांचा डबा म्हणजे पावणेसोळा लिटर. त्याच वूफरला साठ लिटरचा पोकळ कप्पा मिळाला तर खालचे सूर सैल होतात आणि वूफरला इजाही होऊ शकते. आणि रेडिओग्रामचं दुखणं परत येतं ते वेगळंच: स्पीकर बिघडला की फर्निचर फोडा. तयार बुकशेल्फ स्पीकर घ्या आणि त्याला फर्निचरमध्ये नुसतं घर द्या.

त्या घराची मापं: आठ इंच रुंद स्पीकरला साडेबारा इंच आतली रुंदी, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-सव्वादोन इंच. स्पीकरचं तोंड कोनाड्याच्या कडेला बरोबर लागून किंवा अर्धा इंच बाहेर असावं. आत ढकललेला स्पीकर बाजूच्या फळ्यांवर आवाज आपटतो, आणि गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा होतो. मागची आणि बाजूची मोकळी जागा घट्ट फोमने किंवा गोधडीच्या घड्यांनी भरा, नाहीतर ती पोकळी स्वतःच वाजू लागते. मागे हवेचं भोक असलेला स्पीकर कोनाड्यात घुमतो. नवीन घेत असाल तर भोक पुढे असलेला किंवा पूर्ण बंद डब्याचा घ्या. मागे भोक असलेला आधीपासून घरात असेल तर त्यात फोमची गुंडाळी किंवा स्वच्छ मोजा हलक्या हाताने बसवून ऐकून बघा. खालच्या सुरांचा थोडा भर जातो, पण तबल्याचे बोल सुटे होतात.

स्पीकरखाली रबर हवं. वॉशिंग मशिनखाली घालायचे जाड रबरी पॅड हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्यांचे चार तुकडे पुरेत.

पुढे कापड लावायचं असेल तर स्पीकर ग्रिलचंच घ्या. दुकानात एक चाचणी करा: कापड तोंडासमोर धरून फुंका. हवा सहज पार झाली तर आवाजही जाईल. सोफ्याचं कापड सुंदर दिसतं, पण तंबोऱ्याची सगळी चमक अडवून धरतं. कापडाची चौकट वेल्क्रोवर किंवा चुंबकावर बसवा, खिळ्यांनी नको.

सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा डबा) असेल तर तो कुठल्याही पेटीत घालू नका. जमिनीवर, बाजूला, जाड रबरावर.

आणि खोलीचा स्वभाव जाणून घ्या. पंधरा फुटांच्या लांबीत साधारण ३७ हर्ट्झचा (सेकंदाला तेवढी कंपनं) आणि दहा फुटांत ५६ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये घुमत राहतो. त्यामुळे एखादाच खालचा सूर सोफ्याच्या एका कोपऱ्यात फुगलेला ऐकू येतो. त्यावर फर्निचर बदलायची गरज नसते. सोफा फूटभर पुढे-मागे करून बघा. जाड पडदा आणि जमिनीवर सतरंजी एवढ्यानेही टाइल्स-काचेच्या हॉलमधला कर्कशपणा खूप उतरतो.

रेकॉर्ड प्लेअरची जागा

रेकॉर्ड प्लेअर मधल्या पेटीवर, खणांच्या बाजूला ठेवा. बंद कप्प्यात नको, झाकण उघडायला वर सोळा-अठरा इंच लागतात. झाकण उघडल्यावर टीव्हीचा कोपरा झाकला जात असेल तर वाजवताना झाकण काढूनच ठेवा, बऱ्याच प्लेअरचं ते वर उचलून निघतं आणि आवाजालाही बरंच असतं.

सुई खोबणीतली अगदी बारीक हालचाल वाचते. स्पीकरची थरथर, चालणाऱ्या माणसाची पावलं, खण आपटणं, सगळं ती वाचते. यावर आपल्याकडचा फार छान आणि स्वस्त उपाय म्हणजे किचनच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट किंवा कडप्पा. २० × १६ इंचांचा, पाऊण इंच जाडीचा तुकडा दहा किलोच्या आसपास भरतो. कडा घासून घ्या, खाली चार रबरी पाय चिकटवा आणि त्यावर प्लेअर लेव्हल बॉटलने समतल करा.

मग एक तपासणी. प्लेअर बंद, तबकडी थांबलेली, सुई हळूच तिच्यावर टेकवा. ॲम्पचा आवाज अगदी शून्यापासून सावकाश वाढवत न्या, हात बटणावरच असू द्या. नेहमी ऐकता तिथपर्यंत गेल्यावरही हूं असा वाढता घुमारा आला नाही, तर बंदोबस्त नीट झाला. घुमारा सुरू झाला तर लगेच आवाज खाली आणा आणि रबर बदलून बघा.

नेहमी घरघर येत असेल तर प्लेअरची बारीक अर्थची वायर ॲम्पच्या मागच्या स्क्रूला जोडली आहे का ते पाहा. आवाज अगदी क्षीण असेल तर पिन ‘फोनो’च्या (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) जागी आहे की ‘ऑक्स’च्या, तेही बघा.

उष्णता आणि वायरी

क्लास एबी प्रकारचा ॲम्प्लिफायर वापरलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णता म्हणून बाहेर टाकतो. त्याला दार लावून कोंडलंत तर त्याचं आयुष्य कमी होतं. त्याच्या डोक्यावर चार इंच मोकळे ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स रचू नका. कप्प्याच्या तळाला आणि मागे वरच्या बाजूला दोन-दोन इंचांच्या लांब फटी ठेवा. गार हवा खालून येते, गरम वरून जाते. दार हवंच असेल तर जाळीचं किंवा आडव्या पट्ट्यांचं करा. त्यातून रिमोटही चालतो. लाकडी दारातून ब्लूटूथ आणि वायफाय जातात, आरसा किंवा धातूचा पत्रा मात्र त्यांना अडवतो. उन्हाळ्यात तासन्‌तास वाजणार असेल तर मागे १२० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा लावा आणि १२ व्होल्टऐवजी ७.५ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवा. हवा पुरेशी खेळते, आवाज जवळजवळ येत नाही.

पाठीचं प्लाय फेविकॉलने चिकटवू देऊ नका, स्क्रूने लावायला सांगा. हा एक हट्ट धराच. बिघाड शोधायला पाठ उघडता आली पाहिजे. वायरींसाठी ६० मिमीची भोकं, कॉम्प्युटर टेबलला असतात तशा टोप्यांसह. स्पीकरची वायर तांब्याची, १.५ चौरस मिमी, एवढ्या अंतराला पुरे. प्रत्येक वायर मीटरभर जास्त ठेवा आणि दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा. विजेची वायर आणि स्पीकरची वायर शेजारून समांतर नेऊ नका, सहा इंच अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, गेलात तर बनाना प्लग (स्पीकरच्या वायरीच्या टोकाला लावायचे) आणि चांगली आरसीए वायर (प्लेअर ॲम्पला जोडणारी) एकाच फेरीत आणा.

६ अँपियरचे किमान सहा सॉकेट, अर्थिंग तपासलेलं, आणि सगळ्यांचा एक मुख्य स्विच पेटीच्या बाहेर हाताशी. वळवाच्या गडगडाटात स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा.

काम करून घेताना

८ × ४ ची शीट बऱ्याच इमारतींच्या लिफ्टमध्ये जात नाही, आणि सोसायट्यांत ठोकाठोकीच्या वेळा ठरलेल्या असतात. म्हणून कापाची यादी आधी करा आणि शीट दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये मशिनवर कापून आणा. घरात धूळही कमी होते. कारपेंटरकडून मजुरी आणि माल वेगळा लिहून घ्या.

त्याच्या हातात कागदावर पुढून आणि बाजूने अशी दोन चित्रं द्या, सगळी मापं इंचांत. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी उरत नाही. आणि स्पीकर, ॲम्प, एक एलपी या तीन वस्तू कामाच्या पहिल्या दिवशी त्याला प्रत्यक्ष दाखवा. अनुभवी सुताराला वस्तू हातात घेतली की बरंच काही न सांगता कळतं, आणि तो चांगल्या सूचनाही करतो. कोनाड्याच्या मागच्या कडेला बोट घालायला खाच ठेवावी, वायर तिथून सहज सरकते, अशा गोष्टी त्यांनाच सुचतात.

लॅमिनेट चढवण्याआधी एकदा कच्च्या पेट्या जागेवर ठेवून स्पीकर लावा आणि ओळखीची गाणी ऐका. उंची किंवा कोनाडा बदलायचा असेल तर हीच वेळ.

काम पूर्ण झाल्यावर, शेवटचा हप्ता देण्याआधी, मोबाइलवर टोन जनरेटर ॲप घ्या, फोन ॲम्पला जोडा आणि मध्यम आवाजात ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्या. कुठल्यातरी आकड्यावर काहीतरी खुळखुळेल: दाराची बिजागरी, खणाची मूठ, सैल पाठ. त्यावर हात ठेवला की आवाज थांबतो, म्हणजे जागा सापडली. तिथे फेल्टचा तुकडा लावा किंवा स्क्रू आवळून घ्या. सगळी दारं, सगळे खण सामानाने भरून ही फेरी पुन्हा करा.

जुना रेडिओग्राम घरात असेल तर

टाकू नका, आणि आतलं यंत्र उपटूनही फेकू नका. व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये घातक व्होल्टेज साठून राहू शकतं, म्हणून ते जाणकार मेकॅनिककडूनच काढून घ्या, जसंच्या तसं गुंडाळून ठेवा. रिकाम्या पेटीत क्लास डीचा छोटा ॲम्प बसतो, तो फारसा तापत नाही. पेटीला नवी भोकं पाडू नका, जुन्याच वाटांनी वायरी न्या. कधी ते यंत्र दुरुस्त झालं तर ते आपल्या जागी परत बसलं पाहिजे.

पावसाळा आणि शेजारी

जूनच्या आधी एलपीच्या आणि कॅसेटच्या कप्प्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की तापवून परत वापरा. डांबरगोळ्या इथे नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकला मऊ करते. उघडीप मिळेल त्या दिवशी दारं तासभर उघडी ठेवा. ॲम्प पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी वाजवा, त्याची ऊब आतली ओल घालवते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. युनिट लागलं की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी एकदा बोला. तुम्ही त्यांच्या घरात जाऊन बसा आणि तुमच्याकडे कुणालातरी नेहमीच्या आवाजात गाणं लावायला सांगा. खाली डग्गा ऐकू येत असेल तर पेट्यांच्या पायांखाली रबर घाला आणि पुन्हा ऐका. ज्या खुणेवर खाली शांत वाटतं ती खूण ॲम्पच्या बटणापाशी बारीक चिकटपट्टीने करून ठेवा, म्हणजे रात्री घरातल्या कुणालाही आवाज कुठवर न्यायचा ते विचारावं लागत नाही.